डाव्या बाजूला, खालून तिसरी

मे महिना, दुपारचे दोन, बाहेर ४३ डिग्री, आणि मी कूलरसमोर पाटावर लॅपटॉप ठेवून बसलोय. तिसरा दिवस. मागं पलंगावर अप्पा पडलेत, डोळे मिटलेले, पण झोपलेले नाहीत हे मला त्यांच्या पायाच्या अंगठ्यावरून कळतं, तो हलत असतो.

"अप्पा, फाइलला नाव काय दिलतं तुम्ही?"

"नाव कशाला लागतंय? डाव्या बाजूला होती की. खालून तिसरी."

आता ही खालून तिसरी म्हणजे ज्या डेस्कटॉपवर होती तो कम्प्युटर २०१६ साली भंगारात गेला. डेस्कटॉप गेला, त्याची डावी बाजू गेली, खालचं वरचं सगळं गेलं. पण अप्पांच्या डोक्यात ती फाइल अजून तिथंच आहे, आणि मी ती तिथनं उचलून देत नाही म्हणजे मला कम्प्युटर येत नाही असं त्यांचं सरळ मत झालंय.

फाइल कसली तर वंशावळ. माझ्या पुतणीच्या ॲडमिशनला जात पडताळणीचं प्रमाणपत्र पाहिजे, त्याच्या अर्जासोबत वंशावळ जोडावी लागते, प्रतिज्ञापत्रावर, म्हणजे आपण, आपला बाप, त्याचा बाप असं मागं मागं जात गेलेलं. धाकट्या भावानं फोन करून विचारलं, पणजोबांच्या वर कोण होतं रे? मला आजोबांच्या वरचं धड येईना. अप्पा एकदम ऐटीत म्हणाले, मी ते कधीच टाइप करून ठेवलंय, सगळं, शोध आणि प्रिंट मार. झालं. ते प्रिंट मार म्हणाले आणि मी म्हणालो दहा मिनिटांत देतो.

अप्पांचा आणि कम्प्युटरचा संबंध जरा सांगायला पाहिजे. ते गिरणीत कारकून होते, गिरणी बंद पडल्यावर एका चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहायला लागले, आणि दोन्हीकडं त्यांचं शस्त्र एकच, मराठी टाइपरायटर. बोटं अशी बसलेली की बघायचं कीबोर्डकडं नाही, समोरच्या माणसाकडं, आणि त्याच्याशी बोलता बोलता पत्र पूर्ण. साठीत आल्यावर २००६ ला आमच्या मागं लागून एमएससीआयटी केली, वर्गात सगळी दहावी-बारावीची पोरं आणि मधी हे धोतरटोपीत. आमच्या घरी आधीच्या वर्षी असेंबल केलेला पीसी आलता, ४० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी, आणि डब्यासारखा मॉनिटर, त्याला आईनं दोन मोरांच्या सोलापुरी चादरीचं कव्हर शिवलेलं. धूळ बसू नये म्हणून. पीसी बंद केला केला की कव्हर, त्यामुळं तो गरम गरमच झोपायचा बिचारा.

अप्पांना त्यातली एकच गोष्ट मनापासून आवडायची, सर्चमधलं कुत्रं. एक्सपीत फाइल शोधायला गेलं की कोपऱ्यात एक पिवळसर कुत्रं यायचं, रोव्हर त्याचं नाव, शेपूट हलवायचं, पुस्तकात नाक घालायचं. एक्सपीच्या पुढची विंडोज आली, व्हिस्टा, तेव्हापासून ते गायब झालं. परवा मी शोधत असताना अप्पा दोनदा उठून स्क्रीन बघून गेले आणि म्हणाले, "ते कुत्रं कुठाय? ते असतं तर एव्हाना सापडली असती."

मी त्यांना काय सांगणार की ते कुत्रं नुसतं शोभेचं होतं, तरी मला पण क्षणभर वाटलं की असायला पाहिजे होतं.

तर शोध. जुन्या पीसीतलं सगळं मी तेव्हा एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून ठेवलं होतं. सगळं म्हणजे खरंच सगळं, कारण निवडत कोण बसणार. त्यात एक फोल्डर 'अप्पा पीसी', त्याच्या पोटात 'ओल्ड डी', त्याच्या पोटात 'न्यू फोल्डर', त्याच्या पोटात 'न्यू फोल्डर (२)', आणि मग अचानक 'गड्डा फोटो'. ते 'ओल्ड डी' माझं काम नाही, २०१२ ला पीसीत व्हायरस शिरला तेव्हा फॉरमॅट मारणाऱ्यानं जुना डी ड्राइव्ह तसाच उचलून त्यात ओतला होता. घर बदलताना ट्रंक ट्रंकेत घालतात तसं.

मी हे कामाचा माणूस म्हणून करतो हो, म्हणजे टॅक्सच्या ऑफिसात बसतो, दिवसाला निदान एक क्लायंट फोन करतोच की साहेब ती बॅलन्सशीट गायब झाली. गायब झालेली नसते. मेलमधली ॲटॅचमेंट तिथल्या तिथं उघडतात, दोन तास त्यात बदल करतात, सेव्ह मारतात, आणि ती जाऊन बसते टेम्पच्या कुठल्यातरी अंधाऱ्या खोलीत. नाहीतर वनड्राइव्हनं बॅकअप घेतो म्हणून डेस्कटॉपच उचलून आपल्या फोल्डरात नेलेला असतो आणि माणूस जुन्या पत्त्यावर दार वाजवत बसतो. वर्डमधली रिसेंटची यादी उघडली की निम्मी प्रकरणं मिटतात. उरलेल्यांना मी एव्हरीथिंग टाकून देतो. फुकटचं, एवढंसं सॉफ्टवेअर आहे पण त्यानं मला ऑफिसात जादूगार केलंय. विंडोजचा स्वतःचा सर्च नेहमीच्या फोल्डरांचीच इंडेक्स करून ठेवतो, डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप वगैरे, बाकीकडं विचारलं की फोल्डर उघड, बघ, बंद कर, पुढचा उघड असं एकेक दार ठोठावत जातो. एव्हरीथिंग दारं ठोठावत नाही, डिस्कवरच एक मास्टर फाइल टेबल असतं, प्रत्येक फाइलची नोंद असलेलं, म्हणजे सरळ तलाठ्याचं दप्तर, ते ते वाचून घेतं. लाखभर नावं असली तरी तुम्ही अक्षर टाइप करेस्तोवर यादी हजर.

पण नाव माहीत पाहिजे ना.

वंशावळ ह्या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग किती प्रकारे होऊ शकतं हे मी ह्या तीन दिवसांत शिकलो. व्हीनं, डब्ल्यूनं. अनुस्वाराला एन का एम. शा ला एक ए का दोन. ळ साठी एल, पण काही लोक एलच्या पुढं आय घालून वंशावळी करतात. मग फॅमिली ट्री. कुळी. घराणं, त्यात परत डबल ए. मराठी माणूस फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत देतो तेव्हा त्या क्षणी कानाला जे येईल ते लिहितो, आणि तो क्षण परत येत नाही. माझ्याच डिस्कवर माझ्याच मुलीच्या वाढदिवसाचे फोटो तीन स्पेलिंगांत आहेत. 'व्ही ए डी एच', 'डब्ल्यू ए डी एच' आणि एका वर्षी घाईत नुसतं 'बड्डे'.

काहीच मिळालं नाही. सोलापूर टाकून बघितलं, एस-ओ-एल असं, तर शेकडो आल्या, विजेची बिलं, लग्नपत्रिका, रेल्वेची तिकिटं, एकसुद्धा कामाची नाही.

दुसऱ्या दिवशी म्हटलं नाव सोडा, फाइलच्या आतला मजकूर शोधू. तशी सेटिंग असते, फोल्डर ऑप्शनमध्ये सर्चखाली, नावाबरोबर आतलंपण शोध म्हणून टिक करायची. डिस्क इंडेक्स केलेली नव्हती त्यामुळं ती हिरवी पट्टी मुंगीच्या वेगानं चालली. 'वंशावळ' शून्य. 'पणजोबा' शून्य. आमचं आडनाव टाकलं तर शून्य, म्हणजे ज्या डिस्कवर आमच्या सात पिढ्या आहेत म्हणतात तिथं आमचं आडनावच नाही! मधी लाइट गेली ती वेगळीच.

आई तेवढ्यात पाणी भरत होती. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, घरात लहानमोठी नऊ पिंपं आणि कळश्या, आणि कुठल्यात कधीचं पाणी हे आईला न विचारता माहीत असतं, निळ्यातलं परवाचं, ते भांड्यांना, माठातलं आजचं, पाहुणा आला तर त्या झाकणाच्यातलं. एकावर चिठ्ठी नाही. माझ्याकडं एका रिटर्नच्या सहा व्हर्जन पडल्यात, प्रत्येकाच्या नावात फायनल आहे, आणि कुठली भरली ते मला साइटवर जाऊन बघावं लागतं.

तारखेनं शोधायचं पण करून बघितलं. २००६ ते २००९ मधल्या वर्डच्या फाइली काढ. इथं एक गंमत आहे, फाइल कॉपी केली की 'मॉडिफाइड'ची तारीख जुनीच राहते, पण 'क्रिएटेड'ची तारीख कॉपी केली त्या दिवसाची होते, त्यामुळं ह्या डिस्कवरच्या फाइली २००८ साली बदलल्या आणि २०१६ साली जन्मल्या असं दिसतं. मी आधी क्रिएटेड लावून बसलो होतो, सगळ्या जगाचा जन्म एकाच रविवारी झालेला. मॉडिफाइड लावलं आणि मग खरी माणसं वेगवेगळी झाली.

त्यात मला त्या भेटल्या. बऱ्याच होत्या. नावं 'डॉक१', 'डॉक२', 'अर्ज', 'पत्र नवीन' असली, आणि उघडलं की आत नुसता इंग्रजी कचरा. जे, के, ई, सेमीकोलन, कॅपिटल झेड, कंस, परत के. २०१६ ला कॉपी करताना पण मी ह्या बघितल्या होत्या आणि करप्ट झाल्यात, व्हायरसचा प्रसाद, म्हणून सोडून दिल्या होत्या. डिलीट करणार होतो. का केल्या नाहीत तर आळस. आळसानं वाचवलेल्या गोष्टींची कोणी नोंद ठेवत नाही.

त्या दिवशी एक बघितलं की प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत, बरोबर मधोमध, फक्त दोन अक्षरं. कॅपिटल जे, स्मॉल एच. खाली एक ओळ मोकळी. मग कचरा सुरू. दुसरी उघडली, जे-एच. तिसरी, जे-एच. मी म्हटलं व्हायरसपण शिस्तीचा आहे.

लॅपटॉप मिटला, चहा प्यायलो. आई माझ्यासमोर बसून किराणाची यादी करत होती, पाठकोऱ्या कागदावर. तिनं आधी कागदाच्या डोक्यावर, मधोमध लिहिलं 'श्री'. खाली थोडी जागा सोडली. मग लिहिलं शेंगदाणे २ किलो.

मी कप तसाच ठेवून उठलो.

ज्यांनी कृतिदेवमध्ये टाइप केलंय त्यांना एव्हाना कळलंच असेल. युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा नंबर देणारी आताची पद्धत, घराघरात पोचायच्या आधी आपली मराठी ही मराठी नव्हतीच, म्हणजे कम्प्युटरच्या लेखी नव्हती. कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, ह्या फॉन्टांत काय व्हायचं तर आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असायची आणि फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा सदरा घालायचा. कृतिदेवमध्ये 'राम' लिहिलं की फाइलीत साठतं जे-के-ई. 'आई' म्हणजे व्ही-के-बी आणि कॅपिटल झेड. फॉन्ट आहे तोवर आई, फॉन्ट काढला की व्ही-के-बी-झेड. मग मी युनिकोडमध्ये 'पणजोबा' शोधला तर सापडणार कसा, त्या डिस्कवर एकही मराठी अक्षर नव्हतंच. आणि अप्पांनी कृतिदेवच का धरला तर त्याचा कीबोर्ड टाइपरायटरचाच, रेमिंग्टन पद्धतीचा, बोटांना नवं काही शिकवायला लागलं नाही. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर, कृतिदेवमध्ये पण तसंच, युनिकोडमध्ये उलटं. मी त्यांना मोबाइलवर मराठी शिकवायला गेलतो तेव्हा ते ह्याच वेलांटीवर अडले आणि म्हणाले, तुमची मराठी उलटी आहे.

श्री म्हणजे जे-एच.

सर्चमध्ये जे-एच टाकलं. आतल्या मजकुरात शोध. आणि ती हिरवी पट्टी मुंगीसारखीच चालली पण आता एकेक करत फाइली पडायला लागल्या, झाडाखाली चादर धरून बसल्यासारख्या. ४१ आल्या. त्यातली एक भावाचा शाळेतला झाशीच्या राणीवरचा इंग्रजी निबंध, कारण झाशीची सुरुवातपण जे-एचनंच होते. राणीला बाजूला केलं. उरल्या ४०, सगळ्या अप्पांच्या. त्या माणसानं जन्मात एक कागद श्री न लिहिता सुरू केलेला नाही, कारखान्याच्या मालकाला राजीनामा लिहिला त्याच्यावरही श्री.

आणि त्या चाळिसात एकीचं नाव होतं शोलापूर. एस-एच-ओ-एल.

मी मोठ्यांदा हसलो. अप्पांच्या पिढीतले गिरणीतले लोक इंग्रजीत गावाचं नाव तसंच लिहायचे, कारण गिरणीच तशी लिहायची, शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, आपली जुनी मिल. पगाराच्या पावतीवर शोलापूर, लेटरहेडवर शोलापूर. ती मिल बंद पडली आणि सरकारनं १९५० साली वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला, त्यावरनं एक शेअरहोल्डर सुप्रीम कोर्टात गेला, ती चिरंजीतलाल चौधरींची केस कायद्याची पोरं अजून वाचतात आणि तिथंही गाव शोलापूरच आहे. म्हणजे स्पेलिंग बदललं, पाट्या बदलल्या, पण कागदांत ते जुनं गाव राहतंय अजून. मी एस-ओ-एल टाकून शेकडो फाइली चाळल्या तेव्हा ही एका एचच्या आड बसून होती. नुसतं 'ओलापूर' टाकलं असतं तरी पहिल्याच दिवशी आली असती, एव्हरीथिंग शब्दाच्या मधला तुकडाही शोधतं, पण ही अक्कल मला नंतर आली.

"अप्पा, वंशावळीच्या फाइलला शोलापूर नाव कसं काय दिलं?"

"मग काय देणार? आपण गावाकडनं शोलापूरला कसे आलो तेच लिहिलंय त्यात. वंशावळ त्यातच आलीय."

बरोबरच आहे. मी फाइल शोधत होतो पुतणीच्या अर्जाला लागणारी, त्यांनी लिहिली होती ती वेगळीच होती.

लॅपटॉपवर कृतिदेव नव्हता. ऑफिसातनं आणला, टाकला. फाइल उघडली, अकरा पानं कचरा. कंट्रोल ए मारून सगळं निळं केलं आणि फॉन्टच्या यादीतनं कृतिदेव निवडला. अप्पा मागं येऊन उभे होते, हातात चष्मा. एका क्षणात अख्खं पान मराठी झालं. ते काहीच बोलले नाहीत, त्यांना त्यात नवल वाटलंच नाही, त्यांच्या मते ते पहिल्यापासून मराठीच होतं. मलाच जरा वेळ लागला.

अर्जाला लागतात ती फक्त पुरुषांची नावं, बापाचा बाप त्याचा बाप, ती पावणेदोन पानांत संपली, सात नाही सहा पिढ्या. बाकीची नऊ पानं बायकांची. कोण कुठल्या गावची, अक्कलकोटकडची का बार्शीकडची, येताना काय घेऊन आली, कुणाला कानडी यायचं आणि कुणी आमच्या घरात येऊन मराठी शिकली, कुणी विड्या वळून पोरं शिकवली. कुणाचा हात कडक भाकरीला चांगला होता हेसुद्धा लिहिलंय, आणि माझ्या आईच्या नावापुढं लिहिलंय, 'हिला पाण्याचा हिशेब चांगला कळतो.' आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढंच?

पुतणीचं काम त्या पावणेदोन पानांवर झालं. मी म्हटलं बाकीचं युनिकोडमध्ये करून ठेवू, कन्व्हर्टर असतात, पण त्यात जोडाक्षरं आणि रफार अधनंमधनं विस्कटतात, मग रोज रात्री जेवण झाल्यावर मी वाचतो आणि अप्पा पडल्या पडल्या दुरुस्त्या सांगतात. फाइलचं नाव बदलून वंशावळ करू का म्हटलं तर उठून बसले.

"अजिबात नाही. मग मला सापडायची नाही."

तुम्ही कधी शोधणार आहात, असं तोंडावर आलतं, गिळलं. लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर डाव्या बाजूला, खालून तिसऱ्या जागी नेऊन ठेवली. नाव शोलापूरच.

काल शेवटच्या पानावर आलो. पणजीची ओळ. माहेर लिहिलंय, चार लेकरं लिहिलीत, प्लेगात दोन गेली ते लिहिलंय, आणि नावाच्या जागी टिंबं टिंबं, पुढं कंसात 'आत्यास विचारणे'. अप्पांची आत्या जाऊन दहा वर्षं झाली. मी जरा थांबलो, म्हटलं हे आता राहिलंच म्हणायचं.

"राहिलं कसलं? विचारलं की मी तिला. पंढरपूरला गेलतो तेव्हा. सांगितलं तिनं."

"मग काय नाव होतं?"

"ते आता आठवंना. पण लिहून ठेवलंय."

"कशात?"

"कम्प्युटरात."

मी डिस्कची वायर परत लावली.